कंपायलरने वगळलेल्या ओळी



गेल्या वर्षी आमच्या शाळेची अकराची घंटा अधूनमधून दोनदा होऊ लागली. एकदा वेळेवर होई. आणि मुले वर्गात स्थिरस्थावर होऊन हजेरी चालू असतानाच पुन्हा एकदा होई. दुसरी घंटा ऐकून खालचे वर्ग तास संपला असे समजून उठत, वरचे वर्ग हसत, आणि मुख्याध्यापक माझ्याकडे पाहत. माझ्याकडे पाहण्याचे कारण असे, की ही घंटा माणूस वाजवीत नव्हता. कचेरीतून बाद झालेला एक जुना संगणक, त्याला जोडलेला एक रिले, आणि दहावीतल्या एका विद्यार्थ्याने सी भाषेत लिहिलेली दीडदोनशे ओळींची आज्ञावली, एवढ्या सामग्रीवर ती वाजत होती. त्या विद्यार्थ्याला सी शिकविणारा मी. गणित हा माझा मूळ विषय. संगणकाचे ज्ञान मी चाळिशीच्या उंबरठ्यावर, पुस्तके चाळून आणि पुष्कळ वेळा मुलांकडूनच मिळविलेले. तेव्हा आजचे हे भाषण तज्ज्ञाचे आहे असे आपण कृपा करून समजू नये.

घंटा दोनदा का होते याचा शोध घेताना मला एका निराळ्याच गोष्टीचा पत्ता लागला. माणसाने लिहिलेल्या काही ओळी यंत्र परस्पर गाळून टाकते, आणि ज्या वेळी त्या ओळींची सर्वांत अधिक गरज असते नेमक्या त्याच वेळी त्या सापडत नाहीत. त्या ओळी राखाव्या कशा, हा आजचा विषय.

दोष रोज घडत नसे. महिन्यातून तीनचार वेळा घडे. आज्ञावली बंद करून पुन्हा चालू केली की तिच्या पोटातली सारी आकडेमोड पुसली जाई आणि काय बिनसले होते हे कळण्याचा मार्ग खुंटे. म्हणून त्या मुलाने एक चांगली युक्ती योजिली. त्याने आज्ञावलीत 'झडती' नावाचा एक चल ठेवला आणि त्याचे मूल्य शून्य दिले. मुख्य फेऱ्यामध्ये, जो फेरा अहोरात्र फिरत असतो त्यात, त्याने लिहिले, की झडती शून्याहून वेगळी असेल तर आताची वेळ, शेवटची घंटा केव्हा झाली ती वेळ, आणि घड्याळात पाहिलेल्या गेल्या दहा मिनिटांची यादी, हे सारे पडद्यावर छापावे. एरवी शून्यच असल्यामुळे काही छापले जायचे नाही. परंतु घंटा दोनदा झाली, की चालत्या आज्ञावलीला डीबगर लावायचा, झडतीचे शून्य काढून तेथे एक ठेवायचा, आणि यंत्र न थांबविता त्याचा कबुलीजबाब घ्यायचा.

डीबगर म्हणजे काय, हे दोन वाक्यांत सांगतो. चालू असलेल्या आज्ञावलीला अमुक ओळीवर क्षणभर रोखून धरणे, तिच्या चलांची मूल्ये पाहणे, मनात आल्यास ती बदलणे आणि तिला पुन्हा वाटेला लावणे, एवढी सोय ज्या साधनाने होते त्याला डीबगर म्हणतात. आम्ही वापरीत होतो तो जीडीबी नावाचा, फुकट मिळणारा आणि जगभर विश्वासाचा मानला गेलेला.

श्रावणातल्या एका सोमवारी घंटा दोनदा झाली. मुलगा धावतच संगणकाच्या खोलीत आला. त्याच्या मागोमाग मी, आणि माझ्या मागोमाग अर्धा वर्ग. त्याने डीबगर लावला, झडतीला एक हे मूल्य द्यायला सांगितले, आणि डीबगरने नकार दिला. मग त्याने छापण्याच्या ओळीवर थांबण्याचे ठिकाण मागितले. डीबगरने ते दिले, पण त्या ओळीवर नव्हे, कितीतरी खालच्या दुसऱ्याच ओळीवर. जणू मधल्या ओळी कुणी लिहिल्याच नव्हत्या.

मी ते पाहिले आणि साऱ्या वर्गादेखत त्याला म्हणालो, "ही आज्ञावली या फाईलवरून तयार झालेलीच नाही. जुनीच कुठली तरी चालू आहे. नाहीतर दुसऱ्या कुणाची तरी आणून चालवतो आहेस आणि मला भलतीच फाईल दाखवतो आहेस."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सर, फाईल हीच आहे. शनिवारी तुमच्यासमोरच कंपाईल केली होती." मला शनिवारचे आठवले नाही, खरे सांगायचे तर मी ते आठवण्याचा प्रयत्नच केला नाही. शिक्षकाच्या तोंडून एकदा शब्द गेला, की तो मागे घेण्याची आमच्या धंद्यात फारशी सवय नसते.

संध्याकाळी शाळा सुटल्यावर मी एकटाच त्या यंत्रापुढे बसलो. त्या मुलाच्याच फाईलवरून, माझ्या हाताने, आज्ञावली नव्याने तयार केली. मग तयार झालेल्या यंत्रभाषेतल्या फाईलमध्ये 'शेवटची घंटा' हे शब्द शोधले. छापण्याच्या ओळीत ते शब्द होते, तेव्हा ते तयार फाईलमध्येही असायला हवे होते. ते तेथे नव्हते. मुलाने लिहिलेल्या मजकुरात होते, यंत्राला मिळालेल्या मजकुरात नव्हते; आणि दोहोंच्या मध्ये कंपायलरवाचून दुसरे कोणीही नव्हते.

आता या कंपायलरची थोडी ओळख करून घेऊ. माणसाला समजेल अशा भाषेत लिहिलेली आज्ञावली यंत्राच्या भाषेत उतरविणारा जो प्रोग्राम, तो कंपायलर. त्याला भाषांतरकार म्हणावे असे वाटते. पण तो निव्वळ भाषांतर करून थांबत नाही, संपादनही करतो. आणि ही सवय त्याला जन्मापासूनची आहे. जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५७ मध्ये आयबीएमच्या ७०४ या यंत्रासाठी फोरट्रान भाषेचा कंपायलर पुरा केला, तेव्हा त्यांना मोठी धास्ती ही होती, की यंत्राने केलेले भाषांतर हाताने लिहिलेल्या यंत्रभाषेपेक्षा मंद ठरले तर त्याला कोणी विचारणार नाही. तेव्हा जे टाळता येईल ते टाळावे, जे दोनदा केले जात असेल ते एकदाच करावे, आणि ज्याचा उपयोग नाही ते काढून टाकावे, हा बाणा कंपायलरच्या अंगी तेव्हापासून भिनला.

त्याच १९५७ सालच्या जुलै महिन्यात आयबीएममध्ये एक तरुण बाई नोकरीला लागल्या. फ्रान्सिस ॲलन त्यांचे नाव. न्यूयॉर्क राज्यातल्या पेरू नावाच्या गावच्या त्या. शेतकऱ्याच्या घरी वाढलेल्या. तेथेच त्यांनी शाळेत गणित शिकविले होते. पुढे मिशिगन विद्यापीठाची पदवी घेताना झालेले कर्ज फेडावे आणि परत शाळेत शिकवायला जावे, एवढाच त्यांचा बेत होता. त्या परत गेल्याच नाहीत. पंचेचाळीस वर्षे आयबीएममध्येच राहिल्या. माझ्यासारख्या गणिताच्या मास्तराला हे वाचून किंचित अभिमान आणि किंचित मत्सर वाटला, हे कबूल करतो. आज्ञावलीचा प्रवाह कोठून कोठे जाऊ शकतो, याची पद्धतशीर मांडणी करणारे त्यांचे लेखन १९६६ पासून प्रसिद्ध होऊ लागले. २००६ सालचा ट्युरिंग पुरस्कार त्यांना मिळाला. तो मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. २०२० मध्ये त्या वारल्या.

त्या मांडणीतली आपल्या उपयोगाची कल्पना अशी आहे. आज्ञावली म्हणजे एक गाव समजा. ज्या आज्ञा एकापाठोपाठ एक, मध्ये न वळता केल्या जातात, त्यांचे एकेक घर करा. एका घरातून ज्या घरी जाता येते तिकडे वाट काढा. आता वेशीतून आत शिरा आणि वाटेने ज्या ज्या घरी पोहोचता येईल त्यावर चुन्याचे बोट ओढत चला. फिरून झाल्यावर ज्या घरांवर बोट नाही, त्यांत कोणत्याही मार्गाने कोणी जाऊ शकत नाही. अशा आज्ञांना अगम्य कोड म्हणतात. कंपायलर हा कोड निकामी ठरवून पाडून टाकतो. यात त्याची लबाडी काहीच नाही. एक तर जागा वाचते, शिवाय उरलेल्या गावाचे रस्ते सरळ होतात.

त्या मुलाच्या आज्ञावलीत हेच झाले. झडती हा चल त्याच एका फाईलपुरता होता. त्या फाईलभर कंपायलरने पाहिले. झडतीला शून्य दिलेले आहे, आणि ते बदलणारी दुसरी ओळ कोठेच नाही. तेव्हा झडती सदैव शून्य. सदैव शून्य असेल तर 'शून्याहून वेगळी असेल तर' ही अट कधीच पुरी व्हायची नाही. म्हणून छापण्याच्या घराकडे जाणारी वाट बंद, म्हणून ते घर पाडले. झडतीला आता कोणी विचारीत नाही; म्हणून झडतीही गेली. आणि गेल्या दहा मिनिटांची यादी? ती भरली जात होती, पण ती वाचणारे एकमेव घर पडलेले; तेव्हा जी कोणी वाचणार नाही ती लिहावी कशाला, म्हणून यादीही गेली. एका शून्यापायी किती घरे बसली, पाहा. आणि प्रत्येक पायरीवरचे अनुमान अगदी भूमितीच्या प्रमेयासारखे निर्दोष.

मग चूक कोठे? आपण म्हणाल, त्या मुलाच्या मनात तर झडतीचे मूल्य बदलायचे होते. होते, पण ते डीबगरमधून, म्हणजे बाहेरून, भिंतीवरून उडी मारून बदलायचे होते, आणि ही उडी कंपायलरच्या हिशेबात धरलेलीच नाही. सी भाषेच्या प्रमाणग्रंथात कंपायलरला एक मोठी मोकळीक दिलेली आहे. आज्ञावली बाहेरच्या जगाला जे दाखविते, म्हणजे जे छापते, जे फाईलमध्ये लिहिते, ते ठरल्याप्रमाणे घडले म्हणजे झाले. आत त्याने काय फिरवावे, काय गाळावे, हा त्याचा प्रश्न. डीबगर घेऊन बसलेला माणूस या बाहेरच्या जगात मोडत नाही. जो माणूस आज्ञावलीत सर्वांत खोल डोकावून पाहणार, त्याचीच साक्ष नियमात नोंदलेली नाही!

हे मला त्या रात्री उमगले. त्याबरोबर दुसरी एक गोष्टही उमगली. काटकसर करण्याचा हुकूम कंपायलरला दिला होता तो मीच. आज्ञावली कशी तयार करावी याच्या सूचनांची जी लहानशी फाईल मी मुलांना दिली होती, तीत 'ओ-दोन' अशी खूण होती. काटकसरीचे हे दुसरे परिमाण, चांगलेच कडक. एका पुस्तकातल्या उदाहरणावरून मी ती खूण जशीच्या तशी उतरून घेतली होती. म्हणजे उतरून घेतल्याचा ज्याच्यावर मी आरोप केला त्याने काही उतरले नव्हते, आणि उतरले होते ते मी.

आता उपाय. सर्वांना पहिला सुचतो तो असा, की ओ-दोन काढून 'ओ-शून्य' करावे, म्हणजे काटकसर बंद. जीसीसी या कंपायलरमध्ये असे केले तर आमच्या झडतीसारखा चल आणि त्यावर बेतलेला मजकूर जागच्या जागी राहतो. ओळीओळीवर थांबता येते, कोणतेही मूल्य पाहता येते. शिकणाऱ्याने दोष शोधताना येथूनच सुरुवात करावी. परंतु दोन अडचणी आहेत. एक अशी, की काही लोक चलाऐवजी अटीच्या जागी थेट शून्य लिहितात, 'शून्य असेल तर हे कर' अशा धाटणीने. तो मजकूर जीसीसी ओ-शून्यातही गाळतो. कारण तेथे विचार करण्याजोगे काही नसतेच. दुसरी अडचण अधिक नाजूक. काटकसर बंद करून तयार केलेली आज्ञावली ही निराळी वस्तू होय. तिची गती निराळी, स्मृतीतली मांडणी निराळी. कित्येक दोष काटकसरीच्या आज्ञावलीतच दिसतात आणि ओ-शून्य करताच गडप होतात. दोष गेला असे वाटते, आणि तो गेलेला नसतो. जीसीसीच्या कर्त्यांनी २०१३ मध्ये 'ओ-जी' नावाचे एक मधले परिमाण दिले. डीबगरला त्रास होणार नाही एवढीच काटकसर त्यात होते. ते चांगले आहे. पण कोणती ओळ राहील याचे वचन तेही देत नाही.

दुसरा उपाय त्या चलाचे फाईलपुरते बंधन काढून तो साऱ्या आज्ञावलीला खुला करण्याचा. एका वेळी एकच फाईल पाहणाऱ्या कंपायलरला मग मान्य करावे लागते, की दुसऱ्या एखाद्या फाईलमधून हे मूल्य कोणी बदलीत असेल. सबब त्याला ते घर पाडता येत नाही. पुष्कळ वर्षे लोकांनी यावरच निभावले. पण २०१० पासून जीसीसीला सगळ्या फाईली जोडताना एकत्र पाहण्याची विद्या अवगत झाली आहे. ती विद्या चालू केली, की हा आडोसा उरत नाही. कंपायलरच्या अज्ञानावर विसंबून राहिलेले काम तो शहाणा होताच कोसळते.

तिसरा उपाय मला सर्वांत सरळ वाटतो. सी भाषेचे १९८९ चे जे अमेरिकन प्रमाण, त्यात 'व्होलाटाइल' असा एक शब्द आला. रसायनशास्त्रात या शब्दाला आपण बाष्पशील म्हणतो. उघडा ठेवलेला कापूर जसा कोणी हात न लावता उडून जातो तसा. चलाच्या मागे हा शब्द लावला, की कंपायलरला सांगितल्यासारखे होते: "बाबा रे, या चलाचे मूल्य तुला न कळता, तुझ्या आज्ञावलीबाहेरूनही बदलू शकते. मागच्या वेळी शून्य होते म्हणून आताही शून्यच असेल असे धरू नकोस. दर वेळी जागेवर जाऊन पाहा." मुळात हा शब्द आला तो यंत्राला जोडलेल्या उपकरणांसाठी. बटण दाबले गेले आहे की नाही हे सांगणारी स्मृतीतली जागा आज्ञावलीने न लिहिताच बदलत असते. डीबगरमधून घातलेला हात हाही त्याच जातीचा. झडतीच्या मागे व्होलाटाइल लावले की अटीला अर्थ राहतो, वाट उघडी राहते, घर राहते, आणि घर राहिले म्हणून दहा मिनिटांची यादीही राहते. फेऱ्याच्या प्रत्येक खेपेला एकदा स्मृतीत जाऊन यावे लागते, एवढाच काय तो खर्च. आणि घंटेच्या आज्ञावलीला घाई अशी काय असणार!

एखादे अख्खे फलन, म्हणजे फंक्शन, केवळ डीबगरमधून हाक मारण्यासाठी लिहिले असेल आणि आज्ञावलीत त्याला कोणीच बोलावीत नसेल, तर व्होलाटाइल तेथे कामाचा नाही. त्यासाठी जीसीसीमध्ये फलनावर 'यूज्ड' अशी चिठ्ठी लावतात. 'हे वापरात आहे, गाळू नकोस' असा तिचा अर्थ. यावरही एक पाहारेकरी उरतो. तुकडे जोडणारा लिंकर, त्याला तसा हुकूम असेल तर, न वापरलेले तुकडे आपल्या पातळीवर पुन्हा वगळतो. २०२१ च्या आवृत्तीपासून त्याच्यासाठी 'रिटेन' ही दुसरी चिठ्ठी निघाली आहे. सरकारी कचेरीत एका मेजावर मंजूर झालेला कागद पुढच्या मेजावर अडतो, त्यातलाच हा प्रकार.

जावा भाषेच्या कर्त्यांनी निराळे धोरण स्वीकारले. 'परत जा' या आज्ञेनंतर लगेच दुसरी आज्ञा लिहिली तर जावाचा कंपायलर ती गुपचूप गाळीत नाही. चूक म्हणून परत करतो आणि तुमच्याकडून दुरुस्त करवून घेतो. मात्र 'असत्य असेल तर' या अटीखाली लिहिलेला मजकूर त्यांनी मुद्दाम चुकीतून वगळला, कारण तपासाच्या ओळी बंद ठेवण्यासाठी लोक हीच रीत वापरतात हे त्यांना ठाऊक होते. शिक्षक म्हणून मला हे धोरण आवडते. सी मध्ये मात्र बहुधा काही न बोलताच ओळ जाते.

हे सारे शाळेच्या घंटेपुरते असते तर मी आपला वेळ घेतला नसता. २००९ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात हाच प्रकार फार मोठ्या प्रमाणावर उघडकीला आला. तेथे एका भागात आधी एका पत्त्यावर जाऊन माहिती वाचली होती, आणि मग पुढच्या ओळीत विचारले होते, की हा पत्ता रिकामा तर नाही ना, असल्यास मागे फीर. म्हणजे घराचे दार उघडून आत गेल्यावर, हे घर आहे ना, असे विचारण्यासारखे. जीसीसीने विचार केला, की ज्या अर्थी त्या पत्त्यावर जाऊन वाचले आहे त्या अर्थी तो रिकामा असणे शक्य नाही. सबब मागे फिरण्याची वाट अगम्य. सबब ती गाळा. रखवालीसाठी ठेवलेली ओळ गेली, आणि यंत्राचा कब्जा घेण्याची फट त्यातून निर्माण झाली. मूळ दोष ओळींच्या उलट्या क्रमाचा होता, हे खरेच. पण मजकूर वाचणाऱ्याला रखवालदार दिसत होता आणि यंत्रात तो नव्हता. त्यानंतर अशा तपासण्या गाळू नयेत असा हुकूम देऊनच लिनक्सचा गाभा तयार होऊ लागला. परवलीचा शब्द वापरून झाल्यावर स्मृतीतून पुसण्यासाठी लिहिलेल्या ओळीही अशाच जातात. पुढे ती जागा कोणी वाचीत नाही, मग पुसायची कशाला, हा कंपायलरचा युक्तिवाद. त्यावर उपाय म्हणून, न गाळता पुसून देणारे एक खास फलन सी भाषेच्या सी-२३ या प्रमाणात घालावे लागले.

तर मग लिहिलेली प्रत्येक ओळ राखूनच ठेवावी काय? माझ्या त्या विद्यार्थ्याचे मत तसेच होते. त्याला मी अमेरिकेतील नाइट कॅपिटल या रोखेबाजाराच्या पेढीची हकीकत सांगितली. तिच्या आज्ञावलीत २००३ पासून वापरात नसलेला एक जुना भाग तसाच पडून होता. १ ऑगस्ट २०१२ रोजी नव्या कामासाठी जुनीच खूण पुन्हा वापरली गेली. आठ यंत्रांपैकी एकावर नवा मजकूर चढवायचा राहिला होता. त्या एका यंत्रात तो जुना भाग जागा झाला, आणि सुमारे पाऊण तासात पेढीने ४६ कोटी डॉलरांहून अधिक गमावले. तो जुना भाग कंपायलरच्या दृष्टीने अगम्य नव्हता. वाट होती, फक्त बरीच वर्षे त्या वाटेने कोणी गेले नव्हते. व्होलाटाइल लावून आपण जी वाट उघडी ठेवतो, तीही अशीच वाट आहे. यासाठी मी त्याला सांगितले, की शोध संपला की झडती काढून टाक.

शोधाचे सांगायचे राहिलेच. मंगळवारी सकाळी पहिल्या तासाला मी त्याच वर्गात गेलो. आदल्या दिवशी मी जे बोललो ते चूक होते, फाईल तीच होती, आणि ओळी गाळण्याचा हुकूम माझ्या सूचनांच्या फाईलमधून गेला होता, हे मी फळ्यावर गावाचे चित्र काढून सांगितले. सांगताना घसा कोरडा पडला होता. मुलगा मान खाली घालून बसला होता. माझे बोलणे संपल्यावर त्याने एवढेच विचारले, "सर, मग व्होलाटाइल लावून आज परत चढवू का?"

त्याने ते लावले. ओ-दोन तसेच ठेवले, कारण जी आज्ञावली घंटा वाजविते तीच आम्हांला तपासायची होती. सोळा दिवस काही झाले नाही. सतराव्या दिवशी अकराची घंटा दोनदा झाली. डीबगर लावला, झडती एक केली, आणि पडद्यावर दहा मिनिटांची यादी उतरली. तिचा शेवट असा होता: दहा अठ्ठावन्न, दहा एकोणसाठ, अकरा, दहा एकोणसाठ, अकरा, अकरा एक.

वेळ मागे गेली होती. आम्ही दोघे एकमेकांकडे पाहू लागलो. त्या जुन्या संगणकाचे घड्याळ दिवसाकाठी थोडे पुढे जाई, हे आम्हांला ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते हे, की कचेरीतले आमचे शिपाईमामा ट्रान्झिस्टरवर वेळ ऐकून ते घड्याळ एका मिनिटाने मागे घेत. त्यांना शाळेची वेळ चुकलेली खपत नसे. एरवी केव्हाही त्यांनी हे केले तरी बिघडत नव्हते. अकराची घंटा होऊन गेल्यावर त्याच मिनिटात केले, की अकरा पुन्हा वाजत. आणि मिनिट बदलले म्हणजे जुनी घंटा विसरायची असे आज्ञावलीत लिहिलेले असल्याने ती इमानाने पुन्हा घंटा देई. मुलाने ती ओळ बदलली. आता आज्ञावली आजची कितवी घंटा झाली हे लक्षात ठेवते आणि ती दिवसातून एकदाच देते. शिपाईमामांना आम्ही काही बोललो नाही. त्यांचे घड्याळ बरोबरच होते.

झडती काढायची की ठेवायची यावर आमचा वाद अजून चालू आहे. तो म्हणतो, पुढच्या वर्षी मी शाळेत नसेन, आणि काही बिघडले तर तुम्ही पाहणार कसे? सध्या ती आहे. तिच्या वरच्या ओळीवर त्याने मराठीत टीप लिहिली आहे, की ही ओळ कशासाठी आहे, व्होलाटाइल का लावले आहे, आणि कोणाला विचारून काढावे. विचारण्याच्या जागी त्याने माझे नाव घातले आहे.